कागद गेले, संगणक आला. झडतीचा प्रश्न तोच

आपल्या आईवडिलांनी जातीचा दाखला, शाळेचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या आणि विहाराच्या वर्गणीची वही पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली. आज हे सारे आपण संगणकात ठेवतो. हे यंत्रच कुणी जप्त करून नेले तर काय, याचा विचार मात्र आपण करीत नाही.

बाबासाहेबांनी तो विचार कागदपत्रांच्या काळातच केला होता. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत हक्कांचा मसुदा मांडला. माणसाचे घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांची अवाजवी झडती-जप्ती होऊ नये; कोणती जागा तपासायची व काय जप्त करायचे, हे वॉरंटात नेमके लिहिलेले असावे, अशी तरतूद त्यात होती. घटनेत ती स्वतंत्र कलम म्हणून आली नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला.

ही तरतूद किती मोलाची होती, हे भीमा कोरेगाव प्रकरणात दिसले. १७ एप्रिल २०१८ रोजी पोलिसांनी दिल्लीत रोना विल्सन यांच्या घरातून लॅपटॉप नेला. त्यातील पत्रे आरोपांचा मोठा आधार ठरली. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने डिस्कची प्रत तपासली. फेब्रुवारी २०२१च्या तिच्या अहवालानुसार, जून २०१६ मध्ये ओळखीच्या व्यक्तीच्या खात्यावरून आलेल्या ईमेलमधील फाइल उघडताच लॅपटॉपचा ताबा बाहेरच्याकडे गेला. तो २२ महिने राहिला आणि १० पत्रे बाहेरून घुसविली गेली. राष्ट्रीय तपास यंत्रणेला हा निष्कर्ष मान्य नाही.

यातून आपण काय शिकावे?

पहिली गोष्ट 'हॅश व्हॅल्यू'. डिस्कमधील सर्व मजकुरावरून गणिताने काढलेला हा आकडा अंगठ्याच्या ठशासारखा असतो. एक अक्षर बदलले तरी आकडा बदलतो. म्हणून जप्तीच्या वेळीच तो काढून पंचनाम्यात लिहावा, असा आग्रह धरावा आणि पंचनाम्याची प्रत मागावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचे चित्रीकरण करावे लागते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रातही हॅशचा रकाना आहे.

दुसरी गोष्ट, फाइल डिलीट केली म्हणजे ती गेली असे समजू नये. बहुधा फक्त तिची नोंद जाते. मजकूर डिस्कवर राहतो व तज्ज्ञ तो परत काढू शकतात. म्हणून बिटलॉकर किंवा फाइलव्हॉल्टने पूर्ण डिस्कला कुलूप लावावे. यंत्र पूर्ण बंद असतानाच हे कुलूप पक्के असते. शिवाय ते घुसखोर ईमेलला अडवीत नाही. महत्त्वाच्या गोष्टींची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवावी, नाहीतर जप्तीबरोबर मुलांचा अभ्यासही जाईल. पासवर्ड मागितल्यास आधी वकिलाला विचारावे. मात्र तपास सुरू झाल्यावर पुरावा नष्ट करणे हा गुन्हा आहे, हे विसरू नये.

आमची विनंती एवढीच, की प्रत्येक वस्तीत एका रविवारी एक वकील व संगणक शिकलेला एक तरुण यांना बोलवा आणि आयाबहिणींसह हे समजून घ्या. हक्क माहीत असेल, तरच तो वेळेवर मागता येतो.