‘सड्यावर काय, नुसतं गवत!’

मालवण-देवगडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, दिवाळीनंतर वाळलेलं गवत तेवढं दिसतं. मग जमीन ‘पडीक’ ठरते आणि गवत बिनकामाचं. गवताबद्दलच्या अशा चार समजांची शहानिशा करू.

गैरसमज : सडा म्हणजे जंगल तोडून उजाड झालेला माळ.
वस्तुस्थिती : बरेच सडे मुळातच मोकळे आहेत. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर जेमतेम. पावसात पाणी तुंबतं, उन्हाळ्यात कातळ तापतो. मोठं झाड मुळं रोवणार कुठे? पावसाळ्यात उगवून बी टाकून मोकळं होणाऱ्या गवताला मात्र हे मानवतं. ग्लायफोक्लोआ ही गवताची प्रजाती फक्त भारतात सापडते आणि तिच्या अनेक जाती अशा कातळांवरच वाढतात. मालवण तालुक्यातल्या कुडोपीची प्राचीन कातळशिल्पंही उघड्या जांभ्यावरच कोरलेली आहेत, म्हणजे तो कातळ तेव्हाही उघडाच होता.

गैरसमज : गर्द सावलीत गवत येत नाही.
वस्तुस्थिती : देवराईत वाकून बघा. रुंद, पातळ पात्यांचं ऑप्लिस्मेनस जमिनीलगत पसरलेलं दिसेल. त्याच्या पिकलेल्या कणसांना चिकट द्रव सुटतो. गुरांच्या अंगाला आणि आपल्या कपड्यांना चिकटून बी पुढे जातं. सड्यावरच्या गवताला मात्र ऊनच हवं. तिथे ऑस्ट्रेलियन आकेशिया लावला, की सावली आणि पाचोळ्याखाली ते मरतं.

गैरसमज : कुसळी गवत फक्त टोचायला.
वस्तुस्थिती : कोवळं असताना गुरं ते आवडीने खातात. टोचणारं कुसळ बियाला जमिनीत पोचवतं. दव पडलं की त्याचा पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा बसतो आणि बी गिरमिटासारखं मातीत शिरतं.

गैरसमज : बांबू हे झाड आहे.
वस्तुस्थिती : बांबू भात-उसाच्या कुळातलं गवतच. सिंधुदुर्गात बांधावर दिसणारा माणगा भरीव आणि बिनकाट्याचा असतो. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडांत बसवलं होतं. २०१७ च्या दुरुस्तीने तो त्या व्याख्येतून वगळला. त्यामुळे वनक्षेत्राबाहेरचा बांबू तोडण्या-नेण्यावरचं या कायद्याचं बंधन सुटलं.

वृक्षारोपणासाठी सडा निवडण्याआधी ऑगस्ट-सप्टेंबरात एकदा तिथे फिरून या. झाडं लावायचीच असतील, तर व्हाळाकाठी, परसात किंवा तुटलेल्या रानात लावा. सडा गवतालाच राहू द्या.