वाढीव वॉरंटीचे अर्थकारण

दूरचित्रवाणी संच, फ्रिज, वॉशिंग मशीन किंवा लॅपटॉप विकणाऱ्या मोठ्या दुकानांत एकाच ग्राहकाला प्रत्यक्षात दोन गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे ती वस्तू. तिच्यासाठी ग्राहक चार दुकाने फिरून, संकेतस्थळांवरील किमती ताडून आणि सणासुदीच्या सवलतींचा हिशेब मांडून तयारीने आलेला असतो. दुसरी विक्री वस्तू पसंत पडल्यावर, बिल तयार होत असताना सुरू होते, आणि तिच्यासाठी मात्र त्याची कसलीच तयारी नसते. ही दुसरी विक्री वाढीव वॉरंटीची, म्हणजे उत्पादकाने दिलेली मुदत संपल्यानंतर आणखी एक, दोन किंवा चार वर्षे दुरुस्तीचा खर्च उचलण्याच्या वचनाची असते. या वचनाची किंमत, त्याचे उपयोगमूल्य आणि ते विकण्याची रीत यांचा एकत्रित विचार केल्यावाचून या व्यवहारात ग्राहकाचे नेमके काय होते, हे समजत नाही.

उत्पादकाची मूळ वॉरंटी वस्तूच्या किमतीतच समाविष्ट असते आणि साधारणपणे ती एक वर्षाची असते. फ्रिजवर किंवा एअर कंडिशनरवर ठळक अक्षरांत छापलेली दहा वर्षांची वॉरंटी बहुधा केवळ कॉम्प्रेसरपुरती मर्यादित असते. बाकी यंत्राची मुदत त्याहून पुष्कळ आधी संपते. वाढीव वॉरंटी हा याहून वेगळा, स्वतंत्र किमतीचा करार असून तो उत्पादक, दुकान किंवा या दोघांशी संबंध नसलेली तिसरीच सेवा कंपनी यांपैकी कोणीही देऊ शकते. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या कागदावर दुकानाचे नाव मोठे आणि जबाबदार कंपनीचे नाव बारीक अक्षरांत असेल, तर दुरुस्तीसाठी नेमके कोणाला धरायचे, हे त्याला यंत्र बंद पडल्यावरच कळते. या कराराचे स्वरूप विम्यासारखे आहे, कारण अनेकांकडून थोडे थोडे पैसे घेऊन त्यांतील मोजक्यांचे नुकसान भरून द्यायचे, हेच त्याचे गणित आहे. परंतु विमा पॉलिसी घेताना माणूस घरी बसून जेवढा विचार करतो, तेवढा वेळ त्याला येथे मिळत नाही.

दुकानांना या कराराचे एवढे अगत्य का, याचे उत्तर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या व्यापारातील स्पर्धेत सापडते. एकाच कंपनीचा एकच मॉडेल क्रमांक असलेला संच शेजारच्या दुकानातही मिळतो आणि मोबाइलवर दोन मिनिटांत त्याची किंमत पडताळता येते, त्यामुळे वस्तूवरील नफा सतत आकसत जातो. वाढीव वॉरंटीची किंमत अशी पडताळता येत नाही. ती दुकानाबाहेरच्या जाहिरातीत क्वचितच दिसते आणि ग्राहकाला पहिल्यांदा समजते तेव्हा तो दुसऱ्या दुकानात जाण्याच्या मनःस्थितीत उरलेला नसतो. वस्तूच्या विक्रीला जोडून वॉरंटीची विक्री किती वेळा झाली, या प्रमाणाला किरकोळ व्यापारात ‘अटॅचमेंट रेट’ म्हणतात, आणि विक्री कर्मचाऱ्यांचे मासिक टार्गेट व त्यावरील इन्सेन्टिव्ह जेथे या प्रमाणाशी बांधलेले असतात, तेथे दबाव आपोआप निर्माण होतो. दहा मिनिटांपूर्वी ज्या संचाच्या टिकाऊपणाची हमी दिली गेली, त्याच संचाचा बोर्ड जळाला तर केवढा भुर्दंड पडेल, हे त्याच व्यक्तीला सांगावे लागते. या विसंगतीचा दोष काउंटरवर उभ्या असलेल्या तरुणाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, कारण त्याने टार्गेट ठरवलेले नसते, ते पूर्ण न केल्याचे परिणाम मात्र त्यालाच भोगावे लागतात.

या व्यवहाराची सरकारी पातळीवर झालेली एक सखोल तपासणी ब्रिटनमधील आहे. तेथे ‘ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग’ या बाजारातील न्याय्य व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाने २००२ साली घरगुती विद्युत उपकरणांवरील वाढीव वॉरंटीचा प्रश्न ‘कॉम्पिटिशन कमिशन’, म्हणजे स्पर्धा आयोगाकडे सोपवला. आयोगाचा अहवाल डिसेंबर २००३मध्ये प्रसिद्ध झाला. डिक्सन्स, कॉमेट यांसारख्या साखळी दुकानांच्या हिशेबांची छाननी करून आयोगाने असा निष्कर्ष काढला की, या बाजारात ग्राहकाच्या हिताविरुद्ध जाणारी मक्तेदारीसदृश स्थिती असून स्पर्धा असती तर जेवढा नफा झाला असता, त्याहून वर्षाला सुमारे ११.६ ते १५.२ कोटी पौंड अधिक नफा मोठे विक्रेते मिळवत आहेत. ही रक्कम कोठून येते, याची आयोगाने केलेली चिकित्सा अधिक मोलाची आहे. दुकाने अनेक असली, वस्तूंच्या किमतींत त्यांची आपसांत चुरस असली, तरी बिल करण्याच्या त्या ठिकाणी आणि त्या क्षणी ग्राहकासमोर एकच विक्रेता असतो. स्वस्त पर्याय बाजारात उपलब्ध असूनही त्याला ते ठाऊक नसतात किंवा शोधण्यास सवड नसते, आणि म्हणून शेकडो दुकानांच्या शहरातही त्या काउंटरपुरती मक्तेदारी उभी राहते. वाढीव वॉरंटीच्या किमतीचे मूळ जोखमीपेक्षा या क्षणिक मक्तेदारीत अधिक आहे, हे एकदा ध्यानात आले की विक्रीच्या वेळची घाई, ‘ही किंमत फक्त आजच’ हे वाक्य आणि व्यवस्थापकाला बोलावून ऐनवेळी दिलेली सवलत यांचा अर्थ उलगडतो. ग्राहकाला विचारासाठी मिळालेला प्रत्येक तास त्या मक्तेदारीला छेद देणारा असतो, म्हणूनच तो मिळू न देण्याकडे विक्रीतंत्राचा कल असतो.

मानसशास्त्राने या क्षणाचे दुसरे अंग स्पष्ट केले आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या संशोधकांनी १९७९ साली मांडलेल्या ‘प्रॉस्पेक्ट थिअरी’नुसार माणसाला लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच नुकसानीचे दुःख अधिक जाणवते आणि क्वचित घडणाऱ्या घटनांना तो त्यांच्या खऱ्या संभाव्यतेपेक्षा जास्त महत्त्व देतो. वाढीव वॉरंटीच्या विक्रीत हे दोन्ही स्वभावविशेष एकाच वेळी कामी येतात, कारण नुकसानीचे चित्र डोळ्यांसमोर उभे केले जाते आणि ते किती जणांच्या वाट्याला येते, हे सांगितले जात नाही. याच दोघांच्या १९८१ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात असे आढळले की, १५ डॉलरच्या गणकयंत्रावर पाच डॉलर वाचत असतील तर बहुसंख्य लोक वीस मिनिटे गाडी चालवून दुसऱ्या दुकानात जाण्यास तयार होतात, पण गणकयंत्र १२५ डॉलरचे असून त्यावर तेच पाच डॉलर वाचत असतील तर बहुसंख्य जात नाहीत. मोठ्या रकमेच्या शेजारी लहान रक्कम आहे त्याहून लहान भासते. भाजी घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस करणारे घर साठ हजारांच्या फ्रिजसोबत पाच हजारांची वॉरंटी फारसा प्रश्न न विचारता घेते, यामागे हेच कारण आहे; आणि ती रक्कम मासिक हप्त्यांत मिसळून दिवसाला अमुक रुपये अशी सांगितली की उरलासुरला प्रतिकारही मावळतो.

याहून चिंतेची बाब ताओ चेन, अजय कालरा आणि बाओहाँग सुन यांनी २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून समोर येते. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या खरेदीवर आधारित या अभ्यासात कमी उत्पन्नाचे ग्राहक असे करार घेण्याची शक्यता अधिक असल्याचे दिसले. त्यांचे वागणे अविचाराचे म्हणता येत नाही, कारण ज्याच्याजवळ शिल्लक नाही, त्याला दुरुस्तीचा अनपेक्षित खर्च खरोखरच परवडत नसतो. पण याचाच अर्थ असा की, दरवर्षीच्या त्या वाढीव नफ्यातील मोठा भार ज्यांना तो सर्वांत जड, त्यांच्यावर पडण्याचा धोका आहे, आणि म्हणून हा प्रश्न केवळ चैनीच्या खरेदीचा म्हणून सोडून देता येत नाही.

आता प्रत्यक्ष जोखमीकडे वळता येईल. यंत्रांच्या बिघाडांचा अभ्यास करणारे अभियंते बिघाडाचे प्रमाण आणि यंत्राचे वय यांचा संबंध ‘बाथटब कर्व्ह’ नावाच्या वक्राने दाखवतात. न्हाणीतल्या टबाच्या छेदाप्रमाणे हा वक्र दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये सपाट असतो. कारखान्यातच राहून गेलेले दोष पहिल्या काही महिन्यांत उघडे पडतात. झिजेमुळे होणारे बिघाड बऱ्याच वर्षांनी वाढू लागतात. आणि मधल्या काळात बिघाडाचे प्रमाण सर्वांत कमी असते. पहिले टोक उत्पादकाच्या मोफत वॉरंटीत येते, शेवटचे टोक येईपर्यंत वाढीव वॉरंटीही बहुधा संपून गेलेली असते, आणि वेगळे पैसे घेऊन विकला जातो तो मुख्यतः मधला सपाट भाग. प्रत्येक यंत्र या वक्राचे तंतोतंत पालन करते असे नाही, विशेषतः विजेचा दाब सतत कमी-जास्त होणाऱ्या भागात. तरीही विकत घेतलेली वर्षे सामान्यतः यंत्राच्या आयुष्यातील निर्धोक वर्षे असतात.

ही जोखीम आकड्यांत मांडणे अवघड नाही. समजा, ४०,००० रुपयांच्या संचावर दोन वर्षांच्या वाढीव वॉरंटीसाठी ४,००० रुपये मागितले आणि त्या काळात होऊ शकणाऱ्या दुरुस्तीचा सरासरी खर्च ८,००० रुपये धरला, तर ग्राहक आणि विक्रेता यांचा हिशेब बरोबरीत सुटण्यासाठी अशा दर दोन संचांपैकी एक त्या दोन वर्षांत बिघडला पाहिजे. एवढ्या प्रमाणात बिघडणारे मॉडेल असेल, तर त्याची वॉरंटी घेण्याऐवजी ते मॉडेल न घेणेच शहाणपणाचे. ग्राहकाने काउंटरवर विचारायचा खरा प्रश्न बोर्ड गेल्यास किती खर्च येईल हा नसून असे संच शंभरात किती बिघडतात हा आहे, आणि त्याचे उत्तर तेथे मिळत नाही.

करारातील अपवादांनी हे गणित आणखी बिघडते. पडल्याने झालेली मोडतोड, पाणी शिरणे, विजेचा दाब वाढल्याने जळालेला भाग, उंदराने कुरतडलेली वायर, प्लास्टिकचे भाग, रिमोट, एअर कंडिशनरमधील गॅस या गोष्टी अनेक करारांत वगळलेल्या असतात. घरातील यंत्रे नेमकी याच कारणांनी निकामी होतात, असा सर्वसाधारण अनुभव असल्यामुळे ‘सगळे कव्हर आहे’ हे तोंडी आश्वासन आणि छापील अटी यांतील अंतर मोठे ठरते. काही करारांत संच दुरुस्त होत नसल्यास नवा न देता वयानुसार घसारा कापून, म्हणजे वापराच्या वर्षांप्रमाणे किंमत घटवून, उरलेली रक्कम दिली जाते. या सगळ्या अटी बहुधा बिल झाल्यानंतर ईमेलने किंवा लिंकद्वारे पाठवल्या जातात; विक्रीचा निर्णय आधी आणि विक्रीतील मजकूर नंतर, हा क्रम कोणत्याही न्याय्य करारात बसणारा नाही.

असे करार सर्वांसाठीच निरर्थक आहेत, असा याचा अर्थ नाही. व्यवसायाचे सर्व काम ज्या एका लॅपटॉपवर चालते त्यासाठी उत्पादकाने स्वतः दिलेली, घरी येऊन दुरुस्ती करणारी सेवा उपयुक्त ठरू शकते, आणि अनेक उत्पादक ती मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत केव्हाही विकत देतात.

ब्रिटनमध्ये चौकशीनंतर झालेली कारवाई क्षणिक मक्तेदारीच्या निदानाला धरून होती. एप्रिल २००५पासून लागू झालेल्या आदेशानुसार विक्रेत्याने वाढीव वॉरंटीची किंमत वस्तूच्या किमतीसोबत दाखवणे, ग्राहकाला त्याचे कायदेशीर हक्क लेखी कळवणे आणि त्याने तेव्हा खरेदी केली नाही तर त्याच अटींवर तीच वॉरंटी ३० दिवस उपलब्ध ठेवणे बंधनकारक झाले. शिवाय दीर्घ मुदतीचा करार घेतल्यावर ४५ दिवसांच्या आत, दावा केलेला नसल्यास, तो रद्द करून पूर्ण रक्कम परत मिळण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. वॉरंटी विकण्यावर यात कोठेही बंदी नाही, फक्त काउंटरवरची घाई काढून घेतली आहे. एवढ्याने प्रश्न पूर्ण सुटला नाही, म्हणून २०१२मध्ये पुन्हा पाहणी होऊन डिक्सन्स, कॉमेट आणि आर्गोस या विक्रेत्यांनी वॉरंटीच्या किमतींची तुलना करणाऱ्या संकेतस्थळासाठी वचनपत्र दिले.

भारतात या एका विषयापुरता असा स्वतंत्र आदेश नाही, परंतु ग्राहक अगदीच निराधार आहे असेही नाही. १९३०च्या वस्तू विक्री कायद्यातील कलम १६ ठरावीक परिस्थितीत विकलेली वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असावी, ही अट करारात न लिहिताही गृहीत धरते. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा एक वस्तू घेण्यासाठी दुसरी वस्तू किंवा सेवा घेण्याची सक्ती करणे ही निर्बंधात्मक व्यापारी प्रथा मानतो, त्यामुळे वॉरंटी घेतल्याशिवाय सवलत किंवा वस्तू मिळणार नाही असे सांगणाऱ्या विक्रेत्याविरुद्ध तक्रारीला जागा आहे. अशी तक्रार दोन वर्षांच्या आत, ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही, आणि प्राथमिक दाद १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मागता येते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या ऑनलाइन मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरवले. संमतीविना खरेदीत सेवा घुसवणे, खोटी घाई निर्माण करणे आणि नकार देणाऱ्याला ओशाळवाणे वाटेल अशी भाषा वापरणे हे त्यांतील तीन होत. पडद्यावर जे गैर ठरले, तेच काउंटरवर माणसाच्या तोंडून झाले तर चालते, ही विषमता टिकवण्याचे काही कारण नाही.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हापासून महाराष्ट्राने या देशाच्या ग्राहक चळवळीला कार्यकर्तेही दिले आणि कायद्यासाठीचा रेटाही दिला. किंमतपट्टीवर वस्तूशेजारी वॉरंटीचीही किंमत, बिलापूर्वी मराठीत छापील अटी, ३० दिवस टिकणारा दर आणि ४५ दिवसांत करार रद्द करण्याचा हक्क, एवढ्या चार गोष्टींची मागणी राज्यातील ग्राहक संघटनांनी केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे आता लावून धरावी.