काच, सागवान आणि वाचक

४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा त्याच्याकडे ६ महाविद्यालयं आणि ९२७ विद्यार्थी होते. त्याआधी हिस्लॉप आणि मॉरिस या महाविद्यालयांची मुलं परीक्षा द्यायची ती अगोदर कलकत्त्याच्या आणि पुढे अलाहाबादच्या विद्यापीठाची. आता विद्यापीठाने शंभरी ओलांडली आहे. अशा जुन्या विद्यापीठाचं ग्रंथालय नव्याने कसं उभं करावं, हा प्रश्न मनात आला की मला मुंबईच्या फोर्टमधली विद्यापीठाच्या ग्रंथालयाची इमारत आठवते.

प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून ती उभी राहिली. १८६९ साली पाया घातला गेला आणि १८७८ साली काम पुरं झालं. तिच्या मनोऱ्याला त्यांच्या आईचं, राजाबाईंचं नाव मिळालं. आराखडा काढणारे गिल्बर्ट स्कॉट कधी हिंदुस्थानात आलेच नाहीत. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि दरवर्षीच्या पावसात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उभी राहिलेली ही वास्तू थकली होती. पुढे विद्यापीठाचा व्याप कलिन्याला वाढला, तिथे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय झालं. फोर्टमधली इमारत नुसती बघण्यापुरतीच उरेल, अशी धास्ती वाटावी असे ते दिवस होते.

२०१३ ते २०१५ या काळात तिचं जतनकाम झालं. वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांनी ते सांभाळलं, टीसीएस कंपनीने पैसा दिला. दगडकाम, छप्पर, सागवानी लाकूडकाम यांवर हात फिरला. रंगीत काचांचं काम सर्वांत नाजूक, आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं तेही तेच. वाचनकक्षात उजेड येतो तो याच काचांमधून. २०१८ साली हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

पण वारसा जपला म्हणजे वाचक आला, असं होत नाही. पुस्तकं वापरासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ सालीच मांडला होता. आज नागपुरात स्पर्धा परीक्षेची मुलं महिन्याचं शुल्क भरून खाजगी अभ्यासिकेत बसतात. त्यांना हवं असतं पंखा किंवा कूलर, चांगला दिवा, पिण्याचं पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह आणि रात्री उशिरापर्यंत उघडं दार. मुलींसाठी तर परतीच्या वाटेवरचे दिवेही त्यातच आले.

विद्यापीठांनी ग्रंथालयाच्या नूतनीकरणाचा आराखडा काढताना कंत्राटदाराच्या आधी या मुलांना बोलवावं. कपाटांना कुलपं नकोत, पुस्तक हाताने काढून चाळता यावं, आणि या सगळ्यासाठी तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात असावी.