तळ्यावरचे हळदीकुंकू बदक : ओळखा आणि राखा

गावतळे, पाझर तलाव किंवा धरणाच्या फुगवट्याचे पाणी शिवाराजवळ असेल, तर तेथे जोडीजोडीने पोहणारी करड्या रंगाची बदके आपण पाहिली असतील. पुष्कळांना वाटते, ही कोणाची तरी पाळीव बदके सुटून आली. तसे नाही. हे आपले रानबदक आहे आणि त्याचे मराठी नाव मोठे गोड आहे : हळदीकुंकू बदक. काही भागांत त्याला धनवर असेही म्हणतात.

ओळख कशी पटवावी ?

नाव चोचीवरूनच पडले आहे. चोच काळी, तिचे टोक हळदीसारखे पिवळे आणि कपाळाशी, चोचीच्या मुळापाशी दोन्ही बाजूंना कुंकवासारखे तांबडे ठिपके. मादीचे ठिपके फिके असतात, कधी दिसतही नाहीत. एरवी नर-मादी सारखेच. लांबी सुमारे ६० सेंटिमीटर. अंगावरची पिसे खवल्याखवल्यांची, डोळ्यातून जाणारी काळी रेघ आणि पाय तांबडे. पंखावर चकचकीत हिरवा पट्टा असतो. बसलेल्या पक्ष्याच्या पाठीच्या मागच्या बाजूस पांढरा डाग दिसतो. लांबून ओळखण्यास ही खूण फार उपयोगी पडते.

तळ्यावर दुसरेही पक्षी असतात. अंगाने लहान, तांबूस-तपकिरी आणि उडताना शीळ घालणारी ती अडई. काळ्याभोर अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा तो वारकरी. तो बदक नव्हेच. नारिंगी रंगाचा चक्रवाक हिवाळ्यात लडाख, तिबेटकडून येतो व उन्हाळ्याच्या तोंडी परत जातो. हळदीकुंकू मात्र आपल्याकडेच राहते, येथेच अंडी घालते. तळे आटले तर जवळपास दुसरे पाणी शोधते, एवढेच.

कोठे राहते, काय खाते ?

त्याला खोल पाणी नको असते. कडेला लव्हाळा, पाणकणीस व गवत असलेले उथळ पाणी त्याला मानवते. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर, जायकवाडी, उजनी अशा मोठ्या जलाशयांवर ते दिसते, तसेच लहानशा गावतळ्यावरही दिसते. नांदूर मधमेश्वरला रामसर पाणथळ म्हणून मान्यता मिळाली आहे. महाराष्ट्रातील ते पहिलेच.

खाताना हे बदक बुडी मारत नाही. डोके पाण्यात, शेपटी वर, अशी त्याची तऱ्हा. पाणवनस्पती, गवताचे बी, गोगलगायी व किडे हे त्याचे खाणे. संध्याकाळी व रात्री ते चरावयास निघते. भातशेतीत कधीकधी त्याचा उपद्रव होतो, हेही खरे. रहू पद्धतीने मोड आलेले बी फोकले असेल, तर खाचरात रात्री पाणी साचू देऊ नये. काठ्यांना चमकदार फिती बांधाव्यात. दोन-चार रात्रींची राखण पुरते. विषारी दाणे मात्र कदापि टाकू नयेत. त्या विषाने कोंबड्या, कुत्री, गुरे मरतात आणि तेच पाणी आपल्या घरी येते.

घरटे आणि आपला विळा

मुख्यतः पावसाळ्यात व त्याच्या अखेरीस, पाण्याच्या मानाने, मादी काठच्या दाट गवतात जमिनीवरच घरटे करते. अंडी साधारण ७ ते १२. सुमारे साडेतीन आठवडे उबवण चालते. पिल्ले बाहेर पडताच थोड्या वेळात आईमागे पाण्याकडे चालू लागतात.

नेमके याच दिवसांत आपण बांधावरचे गवत कापतो आणि तळ्याच्या काठी गुरे सोडतो. गवत कापताना पायाजवळून बदक उडाले, तर तेथे थांबावे. घरट्याभोवतीचे चार-पाच हात गवत महिनाभर उभे ठेवावे. अंडी घरी आणून कोंबडीखाली ठेवण्याचा मोह टाळावा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये या पक्ष्याची शिकार करणे, त्याला पकडणे किंवा त्याची अंडी नेणे हा गुन्हा आहे.

प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यांचीही काळजी घ्यावी. त्यांच्या घसरड्या उतारावरून लहान पिल्लाला वर चढता येत नाही. कडेला घट्ट बांधून जाड दोर किंवा गाठी मारलेली जुनी जाळी पाण्यापर्यंत सोडावी. चुकून पाण्यात पडलेल्या माणसालाही तोच आधार होतो. मात्र मासेमारीच्या फाटक्या नायलॉन जाळ्या पाण्यात टाकून देऊ नयेत. त्यांत पाय अडकून पक्षी मरतात. फवारणीचे पंप व औषधाचे डबे तळ्यात धुऊ नयेत.

काठचे सगळे गवत जाळून किंवा गाळपेरीसाठी शेवटच्या हातापर्यंत नांगरून टाकले, की बदकाला बसायला जागा उरत नाही आणि उघडी माती वाहून तळ्यात जाते. काठाला गवताचा पट्टा राखला, तर गाळ अडतो, तळे जास्त दिवस टिकते, विहिरींनाही त्याचा लाभ होतो. येत्या पावसाळ्यात आपल्या तळ्यावर पिल्लांची रांग दिसते का, हे मुलांना घेऊन जरूर पाहावे. लांबूनच पाहावे, दगड मारू देऊ नये.