उमेदवारीतला जोडीदार बदलावा का?

अमेरिकेत दुसऱ्यांदा निवडणूक लढवणारा राष्ट्राध्यक्ष सहसा आपला उपाध्यक्ष बदलत नाही. बदलला, तर पहिली निवड चुकल्याची कबुली दिल्यासारखे होते. १९७६ मध्ये जेराल्ड फोर्ड यांनी पक्षातल्या उजव्या गटाला सांभाळण्यासाठी नेल्सन रॉकफेलर यांच्याऐवजी बॉब डोल यांना घेतले, तरीही ते हरले. १९४४ चा बदल मात्र देशाचे पुढचे नेतृत्वच ठरवून गेला. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची प्रकृती ढासळत होती आणि त्यांच्या जागी उपाध्यक्षच येण्याची शक्यता होती, म्हणूनच तेव्हाचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस अनेक पक्षनेत्यांना नको होते. पक्षाच्या शिकागोतल्या अधिवेशनात मतदानाच्या पहिल्या फेरीत वॉलेसच पुढे होते. दुसऱ्या फेरीत हॅरी ट्रुमन जिंकले. उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले असताना ट्रुमन यांना तातडीने व्हाइट हाउसमध्ये बोलावले गेले. रूझवेल्ट गेल्याचे एलिनॉर रूझवेल्ट यांनीच त्यांना सांगितले. अणुबॉम्ब प्रकल्पाची नीट कल्पनाही त्यांना तोवर कोणी दिली नव्हती.