अनोळखी फाइलीवरचा संशय

अँटीव्हायरसविषयी सॉफ्टवेअर डेव्हलपरांची तक्रार जुनीच आहे. संगणक रेंगाळतो आणि नुकताच तयार केलेला निर्दोष प्रोग्राम व्हायरस ठरवून परस्पर काढून टाकला जातो. कंपन्यांची सुरक्षा सांभाळणाऱ्यांना ही कुरकुर वाटते, तर डेव्हलपर अँटीव्हायरसलाच निकृष्ट ठरवून मोकळे होतात. मला दोन्ही निदाने चुकीची वाटतात. अँटीव्हायरसचे काम अनोळखी फाइलीवर संशय घेण्याचे आणि डेव्हलपरचे काम दिवसभर अनोळखी फाइली निर्माण करण्याचे. दोघेही आपापले काम चोख करतात, तेव्हाच खटका उडतो.

विंडोजमध्ये अँटीव्हायरस फाइलींच्या वाटेवरच बसलेला असतो. एखादा प्रोग्राम फाइल उघडू लागला की अँटीव्हायरस आधी ती तपासतो आणि तोवर प्रोग्राम खोळंबतो. नव्याने लिहिलेली फाइल बंद करतानाही असेच होऊ शकते. पत्र टाइप करणाऱ्याला किंवा सिनेमा पाहणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण त्याच्या फाइली मोजक्या असतात. कोड कंपाइल होताना मात्र छोट्या फाइलींचा नुसता पूर येतो. जावास्क्रिप्टच्या साध्या प्रकल्पातही बाहेरून घेतलेल्या कोडच्या हजारो फाइली सहज जमतात. जकात नाक्यावर एक मोठा ट्रक थांबवणे वेगळे आणि तोच माल हजारो सायकलींवरून येत असताना प्रत्येक सायकल थांबवणे वेगळे. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या इन्स्टॉलरला हाच फटका बसला. भाषेच्या दस्तऐवजांत हजारो लहान फाइली होत्या आणि त्यांतली प्रत्येक बंद करताना तपासणीसाठी वेळ जाई. अखेर फाइली बंद करण्याचे काम अनेक थ्रेडांत वाटून द्यावे लागले, तेव्हा वेग आला.

चुकीचा आरोप हे दुखणे याहून जिव्हारी लागणारे. गो भाषेच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत एक प्रश्न खास याच कारणासाठी आहे: अँटीव्हायरसला आमचा प्रोग्राम व्हायरस का वाटतो? तिथले उत्तर असे की हा जवळजवळ नेहमीच खोटा इशारा असतो. गोच्या प्रोग्रामांची रचना या तपासनिसांच्या फारशी पाहण्यात नसते, म्हणून ते गोंधळतात. पायथॉनचे प्रोग्राम एकाच फाइलीत बांधून देणाऱ्या पायइन्स्टॉलरची अडचण वेगळी आहे. त्याने बांधलेल्या सगळ्या प्रोग्रामांचा सुरुवातीचा तुकडा सारखाच असतो आणि तेच साधन व्हायरस लिहिणारेही वापरतात, त्यामुळे सज्जनही त्याच रांगेत उभे केले जातात. यावर कोणी म्हणेल, प्रोग्रामवर डिजिटल सही करा, प्रश्न मिटेल. पण सहीच्या प्रमाणपत्राला पैसे पडतात आणि विनामूल्य साधन लिहिणाऱ्या एकट्या माणसाला तो खर्च जड जातो. शिवाय सही हा निर्दोषपणाचा पुरावाही नाही, हे पुढच्या एका उदाहरणातून दिसेल.

या साऱ्यावर प्रचलित तोडगा म्हणजे कामाचा फोल्डर तपासणीतून वगळणे. डेव्हलपर जाणकार असतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला काय हरकत आहे, असा त्यामागचा युक्तिवाद. इथे मी डेव्हलपरांच्या बाजूने उभा राहू शकत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये उघडकीस आलेला इंडक हा व्हायरस संगणकावर डेल्फी ही प्रोग्रामिंग भाषा शोधायचा आणि तिच्या लायब्ररीतली एक फाइल बदलायचा. त्यानंतर त्या संगणकावर डेल्फीत कंपाइल झालेला प्रत्येक प्रोग्राम लागण घेऊनच बाहेर पडे. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात हल्लेखोरांनी बिल्ड चालू असतानाच एक मूळ फाइल बदलली होती. तयार झालेल्या अपडेटवर कंपनीची अस्सल सही होती आणि ते सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोहोचले. अँटीव्हायरसने तो हल्ला रोखला नाही, हे खरे. पण जाणकारांच्या संगणकावरही घुसखोर आत येतो, आणि त्याला तिथून हजारो घरांची वाट मिळते. नेमक्या त्याच फोल्डरवरून पहारा कायमचा उठवणे मला मान्य नाही.

मग मंदपणा ही सुरक्षेची किंमत समजून सोसावा का? तेही पटत नाही. दर बिल्डला ताटकळणारा माणूस कधीतरी तपासणी बंदच करतो, आणि त्रास जितका मोठा तितकी ही शक्यता अधिक. म्हणजे संथ पहारा हा शेवटी कच्चा पहारा ठरतो. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये आणलेल्या डेव्ह ड्राइव्हची दिशा म्हणूनच मला योग्य वाटते. विंडोज ११ वर किमान ५० जीबीचा वेगळा विभाग करून त्यात कोड ठेवायचा. तो विभाग विश्वासार्ह ठरवलेला असेल, तर तिथे विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर फाइल लगेच उघडू देतो आणि तपासणी मागाहून करतो. या थोड्या अवधीत धोका राहतो, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याची तुलना कडेकोट बंदोबस्ताशी करून चालणार नाही. आज प्रत्यक्षात जे होते ते फोल्डर वगळणे, आणि वगळलेल्या फोल्डरात ही तपासणी मागाहूनही होत नाही. नोकरदार डेव्हलपरच्या लॅपटॉपवर मात्र हा निर्णय त्याच्या हाती नसतो. असा विभाग विश्वासार्ह ठरवायला प्रशासकाचे अधिकार लागतात, आणि ते कंपनीच्या आयटी विभागाकडे असतात.