बंद दाराबाहेरचं काम

लंडनच्या बेजवॉटर भागात, ऑर्म कोर्टच्या नऊ नंबरच्या इमारतीत ब्रिटिश विनोदी लेखक आणि नट स्पाइक मिलिगनचं ऑफिस होतं. नैराश्याने गाठलं की तो तिथेच दार लावून घेई आणि दिवसचे दिवस बाहेर येत नसे. नॉर्मा फार्न्स 1966 मध्ये तिथे कामाला लागली आणि 2002 मध्ये तो जाईपर्यंत त्याचा सगळा कारभार तिनेच पाहिला. दार बंद असतानाही फोन वाजत असत, करारांच्या तारखा जवळ येत असत. ते सगळं निस्तरायचं आणि आत माणूस आहे याचं भान सुटू द्यायचं नाही, असं ते काम.

हे काम मला ठाऊक आहे. व्यावसायिक रंगभूमीवर मी एका मोठ्या विनोदी नटाच्या नाटकाचा व्यवस्थापक होतो. मेकअप रूममध्ये तो आरशाकडे पाठ करून बसे. दुसरी घंटा झाली तरी कपडे बदललेले नसत. तिसरीला उठे, आणि पहिल्याच वाक्याला थिएटर डोक्यावर घेई. परतीच्या बसमध्ये पहाटेपर्यंत एक शब्द नाही. लोक मला म्हणत, "तुमची काय मजा आहे, रोज हसून पोट दुखत असेल!" त्याच्या बायकोलाही हेच ऐकावं लागे. "काय झालं?" हा प्रश्न अशा वेळी त्याला पेलत नसे. "चहा ठेवलाय, पाऊण तास आहे," एवढं सांगितलं की पुरे. आणि ते तसंच, त्याच स्वरात, पुढच्या प्रयोगालाही सांगायचं.

मिलिगनचा जन्म 1918 चा, आपल्या अहमदनगरचा. वडील ब्रिटिश सैन्यात होते. बालपणाचा मोठा काळ पुण्याच्या लष्कर भागात गेला. 1944 च्या जानेवारीत इटलीच्या आघाडीवर तो तोफगोळ्याने जखमी झाला आणि मनानेही कोसळला. पुढे बीबीसी रेडिओवर 'द गून शो' हा विनोदी कार्यक्रम आला, 1951 ते 1960. दर भाग अर्ध्या तासाचा, आणि लेखनाचा मुख्य भार मिलिगनवर. एक भाग ध्वनिमुद्रित झाला की लगेच पुढच्याचे कोरे कागद समोर. वर आवाजांचा हट्ट. मोज्यात कस्टर्ड भरून ते आपटलं की हवा तसा आवाज येईल म्हणून त्याने कँटीनमधून कस्टर्ड करून घेतल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. 1952 च्या अखेरीस तो पुरता ढासळला. सोबतचा नट पीटर सेलर्स याच्यावर चाकू घेऊन धावून गेला आणि मनोरुग्णालयात दाखल झाला. काही भाग त्याच्याविना करावे लागले.

मग पुढे एरिक साइक्सने लेखनात वाटा उचलला. मला या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. साइक्स स्वतः उत्तम विनोदी लेखक होता. एका शब्दावरून वाद झाला आणि मिलिगनने त्याच्या दिशेने जड पेपरवेट भिरकावला, तो खिडकीची काच फोडून बाहेर गेला. तरीही दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली. प्रेम तर होतंच, पण साइक्सने त्याच्या डोक्यावरची पानं कमी केली. आजारी माणसाला तेवढा खरा आधार पोचतो.

दुःखातूनच विनोद उमलतो, ही समजूत आपल्याकडेही फार लाडकी आहे. मला ती क्रूर वाटते. विनोद मिलिगनच्या कानातून आणि कष्टातून आला. आजाराने त्याचे आठवडे खाल्ले, घरच्यांना होरपळवलं. आपल्या या आजाराविषयी तो मोकळेपणी बोलला. मनोविकारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासह 1993 मध्ये त्याने त्यावर पुस्तकही केलं.

सोबत राहणाऱ्याने वैद्य होऊ नये. डॉक्टरांची वेळ सांभाळावी, गोळ्यांवर लक्ष ठेवावं, कामाचा बोजा निर्दयपणे छाटावा, आणि जीव देण्याची भाषा कानावर आली तर ती कधीही थट्टेवारी नेऊ नये, विनोदी माणसाची तर मुळीच नाही. स्वतःचीही झोप मोडू देऊ नये. एकट्याने हे ओढवत नाही. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. सोबतच्या माणसानेही तिथे जरूर फोन करावा.